गाभा वेगळा, मराठी वेगळी

कळमनुरीतल्या एखाद्या शाळेने किंवा हळद विकणाऱ्या शेतकरी गटाने वर्डप्रेसवर मराठी संकेतस्थळ उभारले, तर त्याचे सगळे भाग एकदम बदलावे लागत नाहीत. मूळ प्रणाली म्हणजे गाभा, प्लगिन, थीम आणि भाषांतर यांच्या नव्या आवृत्त्या स्वतंत्रपणे येतात.

ऑक्टोबर 2013मधल्या 3.7 आवृत्तीपासून गाभ्याच्या छोट्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसू लागल्या. प्लगिन आणि थीमसाठी ही सोय ऑगस्ट 2020च्या 5.5मध्ये डॅशबोर्डवर आली, पण ती आपण चालू करावी लागते. भाषांतराची व्यवस्था मात्र फार मोलाची आहे. स्वयंसेवक मराठी वाक्ये सुधारतात आणि गाभ्याला हात न लावता नवा भाषासंच संकेतस्थळापर्यंत पोहोचतो. पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट मराठीला पाहावी लागत नाही.

दुरुस्ती बसवण्यातला उशीर केवढा महागात पडतो!

15 ऑक्टोबर 2014 रोजी वर्डप्रेससारखीच संकेतस्थळ प्रणाली असलेल्या ड्रुपलच्या 7व्या आवृत्तीच्या गाभ्यातली गंभीर त्रुटी जाहीर झाली. 7 तासांत दुरुस्ती न बसवलेली संकेतस्थळे हॅकरांच्या हाती गेली असेच समजा, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा गटाने नंतर दिला. भारतीय वेळेनुसार ही मुदत रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार अशी होती.