वजनकाट्याला न दिसणारी शिल्लक

बेंगळुरू येथील आमच्या कार्यालयात मध्यंतरी कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य तपासणी शिबिर झाले. सडपातळ अंगकाठीचे माझे एक ज्येष्ठ सहकारी तपासणीस मुळीच तयार नव्हते. "वीस वर्षांत माझे वजन किलोभरही वाढलेले नाही, मला कशाला तपासणी?" असे ते हसत म्हणाले. आग्रहास्तव त्यांनी रक्त दिले आणि अहवालात मधुमेह निघाला. वजन बेताचे असूनही हा विकार का जडावा? या कोड्याचा मागोवा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे घेतला आहे.

चरबी म्हणजे शरीराने अडीअडचणीसाठी राखलेली मुदत ठेव, अशी आपली समजूत असते. ती खरी असली तरी अपुरी आहे. 1994 साली अमेरिकेतील डॉ. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या पेशी त्याद्वारे साठ्याची खबर मेंदूला देतात, हे त्यामुळे उमगले. ॲडिपोनेक्टिन हे दुसरे संप्रेरक इन्शुलिनच्या कार्यास साहाय्य करते; परंतु चरबी वाढली की त्याचे प्रमाण घटते. थोडक्यात, ही ठेव निष्क्रिय नसून सर्व शरीराशी तिचा अखंड पत्रव्यवहार चालू असतो.

पोटातील चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की या पत्रव्यवहाराचा सूर बदलतो. तेथे रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात मिसळू लागतात. हा दाह जखमेसारखा ठणकत नाही. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे तो धुमसत राहतो. इन्शुलिनचा आदेश पेशींपर्यंत नीट पोहोचत नाही, रक्तातील साखर वाढते आणि रक्तवाहिन्यांनाही इजा होते. चरबीतून निघणाऱ्या या द्रव्यांचा अभ्यास करणाऱ्यांत लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे एक प्रमुख नाव.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि युडकिन या दोन मित्रांचे एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा निर्देशांक, म्हणजेच बॉडी मास इंडेक्स, दोघांचाही अगदी सारखा, 22.3 होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! एकूण बेरीज तीच, पण खात्यांची विभागणी निराळी, असा हा ताळेबंद होता.

या तफावतीचे मूळ जन्माआधीच सापडते. 1993 पासून पुण्यानजीकच्या सहा गावांतील गर्भवती मातांचा डॉ. याज्ञिक यांच्या पथकाने अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो होते. पुण्याच्या बालकांचे स्नायू कमी भरले. परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध वारंवार होते, त्यांची बालके अधिक चांगली वाढलेली आढळली. मुलाच्या आरोग्याची पहिली गुंतवणूक आईच्या ताटात होते, असाच याचा अर्थ.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही. कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ओलांडू लागला, तर ती सूचना समजावी. बैठे काम करणाऱ्यांनी रोज चालावे, स्नायूंना व्यायाम द्यावा आणि वैद्यकीय सल्ल्याने रक्ताची नियमित तपासणी करावी.

माझे ते सहकारी आता दुपारच्या जेवणानंतर आवारात फेऱ्या मारतात. त्यांचे वजन आजही तेवढेच आहे. मात्र गेल्या तिमाहीच्या अहवालात साखर बरीच खाली आली होती आणि पट्ट्याचे एक भोक आत गेले होते. पुढील शिबिराच्या यादीत पहिले नाव त्यांनी स्वतःच लिहिले आहे.