पाण्याच्या दप्तरातून वगळलेला तलाव

मुंबईच्या उत्तरेस, साष्टीच्या डोंगररांगांत, एकाच मोसमी पावसावर भरणारे तुळशी, विहार आणि पवई हे तीन तलाव परस्परांपासून अगदी थोड्या अंतरावर आहेत. यांपैकी पहिल्या दोहोंचे पाणी शहराच्या नळांतून आजही वाहते. तिसऱ्याचे मात्र कोणी तोंडात घेणार नाही. खडक तोच, पाऊस तोच, कारभार पाहणारी महानगरपालिकाही तीच असताना हा भेद कसा पडला, याचा शोध घेऊ लागले म्हणजे पिण्याच्या पाण्याचे रक्षण धरणाच्या भिंतीपाशी होते की भिंतीच्या वरच्या अंगास असलेल्या जमिनीवर, या प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरींवर आणि शहरातल्या तळ्यांवर अवलंबून होती. वस्ती वाढत चालली, उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसू लागला, आणि हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार मिठी नदीच्या मुखाशी नव्हे, तर तिच्या उगमापाशीच बांध घालून 1860 साली विहार तलाव पुरा झाला. त्यामागून 1879 मध्ये तुळशी आणि 1892 मध्ये दूरवरचा तानसा. धरणांच्या या इतिहासात इंजिनियरांची नावे राहतात. पाणलोटाची जमीन मोकळी ठेवण्याची तजवीज ज्यांनी केली, त्यांचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. वास्तविक माझ्या मते श्रेयाचा मोठा वाटा त्या तजविजीचाच आहे. तलावाभोवतीचा मुलूख हद्द आखून राखावा, त्या हद्दीत परवानगीवाचून घर उभे राहू नये, कारखाना चालू नये, कोणाचे सांडपाणी आत येऊ नये, असे अधिकार महानगरपालिकांच्या कायद्यांत नगर-प्रशासनास दिलेले आहेत. विहार-तुळशीच्या बाबतीत या बंदोबस्ताला पुढे वनखात्याच्या कायद्याची जोड मिळाली, आणि आज या दोन तलावांचा पाणलोट सुमारे 104 चौरस किलोमीटरांच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या छायेत आहे.

या अरण्याचे कार्य डोळ्यांना दिसण्याजोगे आहे. आषाढाच्या सरी उघड्या डोंगरावर कोसळल्या तर माती सोबत घेऊनच उतरतात; परंतु त्याच सरी पानांवर फुटून, पाचोळ्यात मुरून, मुळांच्या जाळ्यातून पाझरत ओहोळास मिळाल्या, तर गाळ मागे राहतो आणि पावसाळा सरल्यावरही झरे काही काळ जिवंत राहतात. मैला आणि खते यांतून येणारी नत्र व स्फुरद ही द्रव्ये अशा पाण्यात अल्प असतात, म्हणून जलपर्णीला तेथे पोषण मिळत नाही. मुंबईच्या सात तलावांचा एकूण उपयुक्त साठा सुमारे 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. त्यात विहार आणि तुळशी यांचा मिळून हिस्सा जेमतेम अडीच टक्के. एवढ्याशा पाण्यासाठी इतके जंगल कशाला, असा हिशेब मांडणारे लोक असतात. त्यांनी डोंगर उतरून पवईस जावे.

पवईचा तलाव 1890 च्या सुमारास बांधला गेला तो तानसाचे पाणी येईपर्यंतची निकड भागविण्यासाठी. पाणी पिण्यास समाधानकारक नाही असे लवकरच ठरले आणि तलाव पिण्याच्या पाण्याच्या दप्तरातून वगळला गेला. माझ्या समजुतीप्रमाणे त्याच्या दुर्दैवाची सुरुवात येथेच आहे, कारण ज्या पाण्याच्या शुद्धतेविषयी कोणी जाब विचारणार नाही, त्याच्या काठावर पुढे काय उभे राहते याचीही कोणास फिकीर राहत नाही. काठावर वसाहती झाल्या, उंच इमारती झाल्या, आणि गटारांची तोंडे तलावात उघडली. आता दरसाल जलपर्णी काढण्याच्या निविदा निघतात. यंत्रे फिरतात, ओल्या, लोंबत्या मुळांचे भारे काठावर रचले जातात, आणि उरलेल्या चार रोपांपासून काही आठवड्यांत पुन्हा तेवढाच पसारा होतो. नाल्यांचे तोंड वळविल्याखेरीज हे काम संपावयाचे नाही, हे ठेकेदारालाही ठाऊक असते. त्याची अर्थातच तक्रार नसते.

याच तलावाच्या कडेने सायकल-मार्ग बांधण्याचे पालिकेने मनावर घेतले, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पवई हा पिण्याच्या पाण्यासाठी मनुष्याने बांधलेला जलाशय असल्यामुळे पाणथळ जागांविषयीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे तो त्या जागांत मोडत नाही, असे पालिकेचे म्हणणे पडले. ज्या तलावाचे पाणी शतकभर कोणी प्यायले नाही, त्याला पिण्याचा तलाव म्हणून संरक्षणातून सोडवावयाचे, ही युक्ती मोठी चमत्कारिक खरी! न्यायालयाने ती मान्य केली नाही; मे 2022 मध्ये बांधकाम बेकायदा ठरवून काढून टाकण्याचा आदेश दिला. तथापि नियमातील ती सूट कायम आहे, आणि पिण्यासाठी बांधलेल्या तलावांना पाणथळ जागांच्या नियमांचे कवच मिळत नसल्याने त्यांची राखण बहुतांशी स्थानिक संस्थेच्या मर्जीवर येऊन पडते, हे गावोगावच्या नगरपालिकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

ही गोष्ट तलावांच्या काठावरच संपत नाही; विहार आणि पवई भरून वाहू लागले की ते पाणी मिठीत उतरते. त्या नदीचे पुढे कुर्ल्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत काय होते, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तिच्या पुराने काय केले, हे मुंबईकरांस नव्याने सांगावयास नको.

मोठ्या शहराला दूरचे पाणलोट राखणे परवडते. लहान नगरपालिकेकडे बहुधा तलावाभोवतीची जमीनही स्वतःची नसते. तरीही विकास आराखड्यात पाणलोटाचे आरक्षण दाखविणे, बांधकाम-परवाना देताना नाल्याची नैसर्गिक वाट तपासणे, वरच्या अंगाच्या ग्रामपंचायतींशी आधीच बोलून ठेवणे, एवढे तिला मोठ्या खर्चावाचून करता येते. या शेवटच्या बाबतीत मुंबईचे उदाहरण मात्र कोणी गिरवू नये. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा आणि भातसा हे तलाव ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणलोटातल्या माणसांनी झाड तोडू नये, ओहोळ नासवू नये अशी अपेक्षा करणाऱ्या नगराने आपल्या वाटपाच्या पत्रकात पहिली ओळ त्यांच्या नावे लिहावी; शहापूरच्या पाड्यांना जलवाहिनीची जोडणी हा त्या पत्रकातला फार मोठा आकडा ठरणार नाही.