"मला डायरेक्टर व्हायचंय" : पालक आणि शिक्षकांनी काय करावं?

दहावी-बारावीच्या वर्गात हल्ली एखादं मूल हे वाक्य बोलतंच. गडबसारख्या गावात ते ऐकलं की घरचे घाबरतात. "मुंबईत ओळख नाही, पैसा नाही, शिक्षण अर्धवट सोडून कुठे भटकणार?" ही भीती खोटी नाही. पण दिग्दर्शक होण्याची पहिली पायरी मुंबईतच असते, असं मात्र नाही.

पहिलं पाऊल लहान असतं

दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला, हे आपण मुलांना शिकवतो. त्याआधीची गोष्ट मात्र सहसा सांगत नाही. चित्रपटासाठी भांडवल हवं होतं आणि नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि रोपाच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसलं, तेव्हा त्यांना पैसे देणारा माणूस मिळाला. आधी छोटं काम करून दाखवलं, मग मोठं काम मिळालं.

आपल्या काळातलं उदाहरण नागराज मंजुळे यांचं. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं जेऊर हे त्यांचं गाव. पुणे विद्यापीठातून त्यांनी मराठीत एम. ए. केलं, पुढे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजमध्ये संज्ञापन शिकले. ते कविताही लिहीत. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलावरचा 'पिस्तुल्या' हा त्यांचा लघुपट. त्याला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'फँड्री' आणि २०१६ मध्ये 'सैराट' आला. त्यांच्या चित्रपटांत गावाकडची नवखी मुलं प्रमुख भूमिकांत दिसतात. जे जवळून पाहिलं होतं, तेच त्यांनी पडद्यावर आणलं.

यात पालकांनी लक्षात घ्यायची गोष्ट ही की मंजुळे यांचं शिक्षण सुटलं नव्हतं. भाषा आणि वाचन त्यांच्या कामाला आलं.

पदवी का सोडायची नाही?

पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९६० मध्ये सुरू झाली. तिथला दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागतेच, आणि प्रवेशपरीक्षाही द्यावी लागते. म्हणजे बारावीनंतर पेण किंवा रोह्याच्या कॉलेजात बी. ए., बी. कॉम. करणारं मूल या वाटेवरून बाहेर पडलेलं नसतं. तीन वर्षांत पदवी घ्यायची आणि त्याच तीन वर्षांत लहान लहान फिल्म करत राहायचं. बेत बदललाच तर पदवी हातात असतेच.

गावात राहून काय करता येईल?

मोबाइल पुरेसा आहे. सुरुवात तीन मिनिटांच्या फिल्मपासून करावी. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, असा अंदाज धरतात. म्हणजे तीन पानं लिहायची.

विषय शोधायला लांब जायला नको. खारेपाटात उधाणाच्या पाण्याने बांधाला खांड गेली की शेतात खारं पाणी शिरतं. त्या रात्रीची गोष्ट आजोबांना विचारावी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा हात जवळून पाहावा. एवढ्यावर एक फिल्म होते.

मुलांकडून हा क्रम करून घ्यावा :

१. आठवडाभर फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं. मोबाइल खिशात.
२. गोष्ट पाच वाक्यांत सांगायची. कोणाला काय हवंय आणि आड काय येतंय, हे त्यात आलंच पाहिजे.
३. प्रत्येक शॉट आधी कागदावर काढायचा : लांबून, मधून, जवळून.
४. ज्यांचं चित्रण करायचं त्यांची परवानगी घ्यायची. रेल्वेरूळ, हायवे, उधाणाचा बांध अशा धोक्याच्या जागी एकट्याने जायचं नाही.
५. आवाजाकडे लक्ष द्यायचं. चित्र थोडं हललं तर चालतं, बोलणं कळलं नाही तर प्रेक्षक उठतो.
६. फिल्म दहा जणांना दाखवायची आणि गप्प बसून त्यांचे चेहरे बघायचे. कुठे कंटाळले, तिथे कात्री लावायची.

शिक्षकांसाठी

मराठीच्या तासाला एखाद्या धड्यातल्या प्रसंगाचे शॉट पाडून घ्या. "हा प्रसंग कोणाच्या डोळ्यांनी दाखवशील?" असा प्रश्न विचारला की मूल तोच धडा पुन्हा नीट वाचतं. यात अभ्यास मागे पडत नाही.

आणि पालकांसाठी

सगळीच मुलं दिग्दर्शक होणार नाहीत, हे खरं. पण पहिल्याच दिवशी "गप्प बस" म्हटलं तर मूल स्वप्न सोडत नाही, फक्त आपल्याला सांगायचं सोडतं. त्यापेक्षा म्हणावं, "तीन मिनिटांची करून दाखव." एक पुरी करून दुसरी करायला घेतली, तर ओढ खरी आहे. पहिलीच अर्धी राहिली, तर तेही मुलाला स्वतःहून कळतं. दोन्ही वेळा शिक्षण सुरूच असतं.