पोट सारखे, कूळ वेगळे

ऐन पावसाळ्यात नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाताना जरा वाट सोडून माळावर उतरावे. गवतात लिंबाएवढे पांढरे गोळे उगवलेले दिसतात. आठवड्याभरात ते तपकिरी पडतात, आणि मग पोरांचा खेळ सुरू होतो. पाय दिला की फुस्स! शेंड्याच्या भोकातून धूर निघतो. हा धूर म्हणजे अळंबीचे बीजाणू. पोरे नसली तरी पावसाचा टपोरा थेंब तेच काम करतो.

नेहमीची छत्रीवाली अळंबी छत्रीखालच्या पातळ पडद्यांवरून बीजाणू स्वतःच उडवते. माळावरच्या या गोळ्याला, म्हणजे पफबॉलला, ते जमत नाही. त्याचा सगळा माल पोटात बंद असतो. बाहेरच्या धक्क्याने तो निघतो. तोटा उधळपट्टीने भरून काढायचा. बुलर या शास्त्रज्ञाने एका महाकाय पफबॉलमधल्या बीजाणूंचा हिशेब केला, तो सुमारे ७ लाख कोटी भरला!

या बंद पोटानेच वर्गीकरण करणाऱ्यांना दीर्घकाळ चकवले. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ‘लायकोपर्डॉन’ या नावाखाली पफबॉल तर घातलेच, शिवाय जमिनीखालचा ट्रफल आणि चक्क एक श्लेष्मकवकही त्यात कोंबले. नावाचा मूळ ग्रीक अर्थ ‘लांडग्याचा पाद’. एकोणिसाव्या शतकात कवकशास्त्रज्ञ फ्रीस यांच्या मांडणीतून ‘गॅस्टेरोमायसिटीज’ म्हणजे ‘पोटवाली कवके’ हा गट रूढ झाला आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत टिकला.

मग डीएनए वाचता येऊ लागला आणि गट फुटला. खरा पफबॉल निघाला बाजारातल्या बटण मशरूमचा भाऊबंद. दिसायला तसाच, पण जाड सालीचा स्क्लेरोडर्मा बोलेटस अळंबीच्या गोतातला. सर्वांत मजेशीर जोडी ‘भूतारकां’ची. जिऑस्ट्रम आणि ॲस्ट्रियस दोघांचीही साल चांदणीसारखी उलगडते, मध्ये गोळा बसतो. पण ॲस्ट्रियस स्क्लेरोडर्माचा नातलग, तर जिऑस्ट्रम दुर्गंधी अळंबीच्या जवळचा. म्हणजे पोट मिटून घेण्याची युक्ती वेगवेगळ्या कुळांनी आपापली शोधली.

ती का शोधली, याचा एक धागा नगरच्या भूगोलाशी जुळतो. हा जिल्हा एका अंगाने कळसूबाईच्या धो धो पावसात भिजतो, तर उरलेला बहुतांश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वाळतो. कोरड्या हवेत उघडे पडदे सुकून जातात. मिटलेले पोट ओल धरून ठेवते, असे मानले जाते. वाळवंटांत, कोरड्या माळांवर आणि वारुळांवर उगवणारी पोडॅक्सिस हे त्याचे नमुनेदार उदाहरण. लिनियसने १७७१ मध्ये तिलाही लायकोपर्डॉनच म्हटले होते. खरे तर ती छत्रीवाल्या कोप्रिनस अळंबीची सख्खी नातलग, पण तिची छत्री सहसा पूर्ण उघडतच नाही.

हे कूळपुराण ताटापर्यंत येते. कोवळा गोळा उभा चिरून पाहावा. आत एकसारखा पांढराशुभ्र गर असेल तर तो पफबॉल असू शकतो. जांभळट-काळा असेल तर विषारी स्क्लेरोडर्माचा संशय घ्यावा. आणि आत छत्री-दांड्याची पुसट आकृती दिसली, तर ते जीवघेण्या अमानिटाचे पिल्लू असू शकते. तरीही नुसत्या सुरीवर भिस्त ठेवू नये. जाणकाराने ओळखल्याखेरीज रानातला गोळा कढईत पडू नये. बाहेरून सारख्या दिसणाऱ्यांना एका घरचे समजण्याची चूक पंडितांना पचली, पोटाला पचेलच असे नाही.