गाळलेले आणि घातलेले

एखाद्या नामांकित कादंबरीवरून काढलेला चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या रसिकाची फिर्याद बहुधा ठरलेली असते: अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्राला न्याय दिला नाही, आणि ज्या प्रकरणावर आपण तरुणपणी जीव ओवाळून टाकला त्याचा तर मागमूसही ठेवला नाही. मी स्वतः कथा-कादंबऱ्या लिहिणारा असूनही, किंबहुना असल्यामुळेच, ही फिर्याद मला फारशी ग्राह्य वाटत नाही. दिग्दर्शकाने काय गाळले याचा हिशेब मागत बसण्यापेक्षा त्याने पदरचे काय घातले याची चौकशी करावी, असे माझे मत आहे. कारण गाळणे ही पुष्कळदा सक्ती असते, घालणे मात्र सर्वस्वी त्याच्या मर्जीचे असते, आणि मूळ कृती त्याला कितपत उमगली याची साक्ष तेथेच मिळते.

चारशे पानांची कादंबरी मोठ्याने वाचायला घेतली तर बारा-तेरा तास सहज लागतील, आणि चित्रपटाच्या वाट्याला येतात ते दोन-तीन. तेव्हा काटछाट अटळच आहे. पण वेळेची टंचाई ही खरी अडचण नव्हेच. ‘दरसाल पावसाळ्यात पडवी गळे, आणि दरसाल ती शाकारण्याची गोष्ट नुसती निघे’ एवढे एक वाक्य लिहून कादंबरीकार वीस वर्षे ओलांडून जातो. कॅमेऱ्यापुढे मात्र एकच पावसाळा, एकच पडवी आणि त्या दिवशी गळले तेवढेच पाणी असते. कादंबरीतील संसार, दारिद्र्य, कुढणे, सवयीने जडलेले प्रेम हे सारे या ‘दरसाल’च्या आधारावर उभे असते, आणि ते पडद्यावर उतरवायचे तर मुळात नसलेला एखादा प्रसंग रचून त्याच्याकडून वीस वर्षांचे काम करवून घ्यावे लागते.

याचा वस्तुपाठ म्हणून मी नेहमी ‘पथेर पांचाली’कडे बोट दाखवितो. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांची ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने निघाली आणि सत्यजित राय यांचा चित्रपट १९५५ साली आला. चित्रपटाचा विचार करण्यापूर्वी याच कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे रायांनी काढलेली होती. म्हणजे मोठ्या ग्रंथातून नेमके काय उचलावे याची तालीम त्यांच्या हाताला आधीच घडलेली होती. कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण आरंभीच्या छोट्याशा भागातच मरते, तेव्हा कथेचा बालनायक अपू अगदी तान्हा असतो. आगगाडी पाहण्याची त्याच्या बहिणीची, दुर्गेची, हौस तर तेथे पुरी होतच नाही; रेल्वेचा रस्ता धुंडाळायला निघालेली भावंडे हात हलवीत परततात, आणि दुर्गा ती इच्छा मनात ठेवूनच जाते. रायांनी या दोन्ही गोष्टींची उलथापालथ केली. त्यांनी म्हातारीला पुष्कळ जगविले, काशगवताच्या पांढऱ्या फुलोऱ्यातून मुलांना रुळांपर्यंत पळविले, आणि आगगाडी पाहून परतणाऱ्या त्याच मुलांना बांबूच्या बनात गुडघ्यांत मान घालून बसलेली ही म्हातारी आत्या सापडविली. दुर्गा तिला हलवते आणि ती कलंडते. (त्या काशगवताच्या मैदानात काही दिवसांनी उरलेले चित्रीकरण करायला गेले तो फुले गुरांनी खाऊन टाकलेली, आणि पुढच्या मोसमापर्यंत थांबणे भाग पडले, ही हकीकत प्रसिद्धच आहे.) दुर्गेला गाडी दाखवून रायांनी मूळ वेदनेवर पाणी सोडले, असे कोणी म्हणेल. पण बारकाईने पाहावे: धावता धावता दुर्गा अडखळून मागे राहते, आणि गाडी जवळून पाहायला मिळते ती अपूला. शिवाय, जगाचा विस्तार आणि मृत्यू या दोन्ही गोष्टी बालपणी हातात हात घालून येतात हे जे बिभूतिभूषणांनी शेकडो पानांतून हळूहळू मुरविले, ते रायांनी एका दुपारीत आणून बसविले.

दुसरे उदाहरण त्याहूनही लहान आहे. दुर्गेच्या मृत्यूनंतर तिने लपविलेली चोरीची वस्तू अपूच्या हाती लागते. कादंबरीत ती सोन्याची डबी असते आणि तो ती बांबूच्या बनात भिरकावतो. चित्रपटात ती माळ होते आणि तळ्यात जाते. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर दुभंगते, आणि मग सावकाश पुन्हा मिटते. बन आपले तोंड मिटू शकत नाही, तळे मिटू शकते. आणि अपूच्या मनात त्या घटकेला काय चालले आहे हे सांगायला निवेदक जवळ नसल्यामुळे ते काम रायांनी शेवाळाकडे सोपविले. मूळ लेखकानेदेखील पाहून हेवा करावा असा हा बदल आहे.

याच्या उलट ‘देवदास’ची कैफियत ऐकावी. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या शरच्चंद्रांच्या या कादंबरीत पार्वती आणि चंद्रमुखी यांची गाठ कधीच पडत नाही. एकाच पुरुषासाठी झुरणाऱ्या दोन स्त्रिया एकमेकींना न पाहता आयुष्य काढतात, आणि कथेची निम्मी वेदना त्या न भेटण्यात आहे. बिमल रॉय यांना १९५५ सालच्या आपल्या चित्रपटात त्यांची गाठ घालण्याचा मोह सर्वस्वी आवरला नाही. पण त्यांनी एकीला पालखीत बसविले, दुसरीला रस्त्याने पायी चालविले, आणि नजरानजर होताच एक अक्षरही बोलू न देता त्यांना आपापल्या वाटेने जाऊ दिले. संजय लीला भन्साळी यांनी २००२ साली त्या दोघींना दुर्गापूजेच्या उत्सवात एकत्र नाचविले. नाच देखणा आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ज्या अंतरावर सारी गोष्ट तोललेली होती ते अंतरच त्या घटकेला नाहीसे होते, आणि नंतरच्या दुःखाला जमीन उरत नाही.

आपल्याकडे १९७९ साली जब्बार पटेल यांनी ‘सिंहासन’ काढला तेव्हा विजय तेंडुलकर यांनी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या एकाच पटकथेत विणल्या. गळालेल्या मजकुराची यादी करायची म्हटली तर एक दफ्तर भरेल. तरीही मंत्रालयातील ती कुजबूज, तो संशय आणि सत्तेची ती घुसमट पडद्यावर शाबूत आहे, म्हणून मला त्या यादीची गरज वाटत नाही.

राहता राहिला आर. के. नारायण यांचा ‘गाइड’. १९५८ च्या या कादंबरीवर विजय आनंद यांनी १९६५ साली चित्रपट काढला, आणि नारायण यांनी आपली नाराजी पुढे उघडपणे लिहून प्रसिद्ध केली. मालगुडीसारखे लहानसे, कल्पनेतले गाव उचलून राजस्थानातील राजवाड्यांच्या पायथ्याशी नेऊन ठेवले, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता, आणि तो मला मान्य आहे. शेवटाचा प्रश्न मात्र निराळा. कादंबरीत पावसासाठी धरलेल्या उपासाने गळालेला नायक राजू दूरच्या डोंगरांत पाऊस आल्याचे सांगून खाली बसतो. पाऊस खरोखर आला की नाही, आणि राजू जगला की मेला, हे नारायण वाचकाच्या हाती सोडून देतात. चित्रपटात धो धो पाऊस कोसळतो आणि राजू मरतो. आभाळ दाखवायचे म्हटले की ते कोरडे तरी असणार किंवा ओले तरी, कॅमेऱ्याला तिसरा मार्ग नाही, असा बचाव मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. तो मला पटत नाही. आभाळ दाखविलेच पाहिजे असा हुकूम दिग्दर्शकाला कोणी दिला होता?