‘इसारलंय’ म्हणणारा राखणदार

‘रात्रीस खेळ चाले’ असं नुसतं म्हणून बघा. मेसच्या टेबलावर लगेच दोन नावं येतील, अण्णा नाईक आणि शेवंता. तिसरं नाव कुणी घेतलंच तर ते हसत हसत घेईल. पांडू! मान एका बाजूला टाकून, डोळे बारीक करून ‘इसारलंय’ म्हणणारा वाड्यावरचा गडी. या लेखाचा विषय तोच आहे. कारण माझं प्रामाणिक मत असं की त्या मालिकेत हिरो म्हणावा असा माणूस एकच होता आणि तो पांडू. भुताच्या मालिकेत हिरो गडी कसा असू शकतो, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी थोडी उजळणी. पहिला भाग झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ ला सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपला. वेळ रात्री साडेदहाची. आपल्यातले बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत होते, म्हणजे अधिकृतपणे झोपलेले होते. प्रत्यक्षात पांघरुणाच्या फटीतून किती जणांनी पाहिली ते ज्याचं त्याने ठरवावं. दुसरा भाग जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० असा चालला, मधे लॉकडाऊनमुळे शूटिंग थांबलं होतं तो काळ सोडून. हा भाग गोष्टीत मागे गेला. पहिल्या भागात अण्णांच्या मृत्यूपासून सुरुवात होती, दुसऱ्यात ते जिवंत आणि ऐन भरात! माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरात पोचले ते या भागामुळे. तिसरा भाग २०२१ साली आला. शूटिंग मात्र सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या वाड्यात. तो वाडा पाहायला पुढे पर्यटकांची रीघ लागली, इतका तो लोकांच्या ओळखीचा झाला.

आता पांडू. ही भूमिका केली प्रल्हाद कुडतरकर यांनी आणि गंमत म्हणजे मालिकेच्या लेखनातही तेच होते. म्हणजे सेटवर ज्याला सगळं माहीत, तोच पडद्यावर सगळं विसरणारा! हा योगायोग मला फार आवडतो.

पांडूचं काम गोष्टीत नेमकं काय? पहिलं उघड आहे. ताण कमी करणं. थर्मलच्या लॅबमध्ये बॉयलरचं मॉडेल सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंग दबते, थोडी वाफ बाहेर जाते, दाब खाली येतो आणि व्हॉल्व्ह परत बसतो. लक्षात घ्या, तो सगळी वाफ सोडून देत नाही. सोडली तर बॉयलर थंड. भयकथेतल्या विनोदी पात्राचंही तसंच. प्रेक्षक हसला पाहिजे, पण भीती संपली नाही पाहिजे. रातकिड्यांचा आवाज, माजघरात कंदील, कोणीतरी दार ढकलतंय... आणि आत येतो पांडू, हातात भलतीच वस्तू घेऊन. आपण हसतो. पुढच्या मिनिटाला पुन्हा दार वाजतं आणि या वेळी आपण बेसावध असतो. खरी भीती बसते ती तेव्हा.

दुसरं काम जास्त हुशारीचं आहे. पांडू वाड्यात, परसात, विहिरीपाशी, सगळीकडे असतो. म्हणजे काही घडलं तर ते त्याने पाहिलेलं असणार. पण तो सांगू शकत नाही. सांगायला आला की विसरतो. रहस्यकथेत साक्षीदार मुका असतो, मारला जातो किंवा घाबरून गप्प बसतो, हे तीन मार्ग जुने झाले. इथे साक्षीदार धडधाकट आहे, बोलका आहे, मनाने स्वच्छ आहे, फक्त आठवण हाताला लागत नाही. त्यामुळे प्रत्येक ‘इसारलंय’ला हसू येतं आणि त्याच वेळी हात चोळावेसे वाटतात, अरे आठव की लेका!

इथे मला दूरदर्शनचा विक्रम आठवतो. आपल्या आईवडिलांच्या पिढीला विचारा. १९८५ साली रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ लागायची. अरुण गोविल राजा, सज्जन वेताळ. (रामायण त्यानंतर, १९८७ ला.) गोष्टीचा नियम असा की राजाने वेताळाला पाठीवर घेऊन मुकाट चालायचं. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर राजाच्या डोक्याची शकलं होणार, आणि बोलला तर वेताळ उडून पुन्हा झाडावर. बिचारा राजा दर वेळी बोलतो आणि दर वेळी परत झाडाकडे जातो. का? एका साधूला शब्द दिलाय म्हणून. निष्ठा म्हणजे काय, तर पुन्हा झाडापर्यंत चालत जाणं. कथाग्रंथातली गंमत पुढे आहे. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला सापडत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्यानेच काम होतं. विक्रमला माहीत असतं म्हणून त्याची पंचाईत. पांडूलाही माहीत असतं, पण ते जागेवर सापडत नाही. दोघंही पाठीवर ओझं घेऊन त्याच वाटेने फिरतायत. फरक एवढाच की एकाच्या डोक्यावर मुकुट आहे आणि दुसऱ्याच्या खांद्यावर पंचा.

वेताळ म्हटल्यावर कोकणात एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बाहेरून आलेल्या मित्रांना ती माहीत नसते. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ आरवली गाव आहे, तिथे वेतोबाचं प्रसिद्ध देऊळ. नवसाला लोक केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. श्रद्धा अशी की वेतोबा रात्री गावाच्या हद्दीवर फेरी मारतो, त्यामुळे त्याच्या चपला झिजतात. गोव्यातही वेताळाला चपला वाहण्याची पद्धत आहे. गावोगावी देवचार किंवा राखणदार मानतात, तो शिवेवर गस्त घालतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. म्हणजे हिंदी सिनेमातलं पांढऱ्या साडीतलं भूत आणि दक्षिण कोकणातला राखणदार यांत बराच फरक आहे. राखणदार गावच्या व्यवस्थेचा भाग आहे. त्याला मान द्यायचा, त्याचं देणं द्यायचं, मग तो राखण करतो. आमच्या खोलीतला यवतमाळचा मित्र हे ऐकून म्हणाला, ‘म्हणजे नाईट ड्युटीचा वॉचमनच की!’ अगदी तसंच.

आता पांडूकडे परत या. वाड्यातल्या प्रत्येकाला काहीतरी हवंय. जमीन, पैसा, हिस्सा, मान, सूड. मुंबईहून आलेल्या माधवला आणि वाड्यावर राहिलेल्या दत्ताला एकाच वाड्यात वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. पांडूला हिस्सा मिळणार नाही. कुठल्याही कागदावर त्याचं नाव असायचं कारण नाही. तरी तो वाडा सोडत नाही, माई हाक मारतील तिथे हजर. हा राखणदारच की हो, फक्त जिवंत! त्याच्यावर चकवा पडलाय तो मात्र रानात नाही, डोक्यात.

भाषेचं थोडं. पांडू, माई, सरिता मालवणी बोलतात, शहरातून आलेले प्रमाण मराठी. कोण कुठला आणि कुणाचं वजन किती, हे वाक्य पुरं व्हायच्या आत कळतं. या मालिकेने मालवणी रोज रात्री महाराष्ट्रभर पोचवली हे तिचं श्रेय. पण त्यामुळे आम्हा रायगडकरांची पंचाईत झाली! हॉस्टेलला आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण म्हणतो, ‘तू कोकणातला ना, जरा पांडूसारखं बोल.’ अरे बाबांनो, अलिबागला मालवणी बोलत नाहीत. इथे आगरी आहे, कोळी आहे आणि रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत तर पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली आहे, जिला बोलणारे ‘नो लिंग’ म्हणजे आपली भाषा म्हणतात. कोकण म्हणजे एकच बोली हा समज टीव्हीने वाढवला, त्याला पांडूचा इलाज नाही.

मालिकेवर टीकाही झाली. अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते, असे आक्षेप २०१६ मध्येच घेतले गेले. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला होता, त्यामुळे हा आक्षेप हवेतला नव्हता. माझा स्वतःचा आक्षेप जरा वेगळा आहे आणि तो पांडूबद्दलच आहे.

पांडूची निष्ठा आपल्याला गोड वाटते. का वाटते? कारण आपण वाडा आतून पाहतो, ओसरीवर बसून. दुसऱ्या भागात जुना काळ आला, कंदील, पितळी भांडी, शेणाने सारवलेलं अंगण, आणि आपण सगळे हळवे झालो. पण त्याच काळात गड्याला पगार किती होता, तो जेवायचा कुठे, त्याची स्वतःची जमीन होती का, हे प्रश्न आपल्या मनात येतच नाहीत. विसरभोळा पांडू आपल्याला चालतो, कारण ज्याला काही आठवत नाही तो हिशेब मागत नाही. हे वाक्य लिहिताना मलाच जरा अस्वस्थ वाटलं, पण खोडत नाही.

आणि हे अलिबागमध्ये बसून लिहितोय म्हणून तर खोडताच येत नाही. आपल्याच तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. तिथल्या कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ पासून खोतांच्या विरोधात संप केला. कुळांनी राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी न्यायचा, वर खोताची वेठबिगार करायची, ही रीत. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी सांगितलं, आम्ही जमीन कसणारच नाही. जवळपास सहा वर्षं हा संप चालला, आसपासच्या गावांतही पसरला. लोकांनी लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. १९३४ साली चरीत झालेल्या शेतकरी परिषदेला अध्यक्ष म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ सुरू केला. खोती कायद्याने रद्द झाली ती पुढे, १९४९ च्या कायद्याने.

म्हणजे वाड्याशी इमान राखणारी माणसं याच किनाऱ्यावर होती आणि एके दिवशी त्यांनी ते इमान काढून घेतलं. त्यांना सगळं आठवत होतं, कुठल्या वर्षी किती भात गेलं ते मणासकट. चरीच्या संपावर कुणी साडेदहाची मालिका काढेल का? शंका आहे. भूत नाही ना त्यात.

तरी पांडूला मी हिरो का म्हणतो? कारण त्याची निष्ठा नीट पाहिली तर ती अण्णांच्या पैशाशी नाही, घरातल्या माणसांशी आहे. जे अडचणीत असतील त्यांच्या बाजूला तो जाऊन उभा राहतो. त्याचा फायदा नसताना. ही गोष्ट चरीच्या कुळांच्या विरोधात जात नाही. त्यांनीही सहा वर्षं एकमेकांची साथ सोडली नाही, आणि ही साथ खोताच्या इमानापेक्षा कितीतरी कठीण होती.

आजचा पांडू पाहायचा असेल तर रविवारी सायकल काढून मांडव्याच्या बाजूला, आवास किंवा किहीमला जा. मुंबईकरांचे बंगले आहेत, वर्षातले बरेच दिवस बंद. फाटकापाशी एखादं जोडपं राहतं. झाडांना पाणी घालायचं, पंप बघायचा, पाहुणे येणार म्हटलं की खोल्या उघडायच्या. मालक जेटीवर उतरायच्या आत चहा तयार. त्यांना केअरटेकर म्हणतात. आपल्या हॉस्टेललाही असे दोन-तीन जण आहेत, नावं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. कुणाची मेसची थकबाकी किती, कोण रात्री कितीला भिंतीवरून आला, हे त्यांना बरोब्बर ठाऊक असतं. रेक्टर सरांनी विचारलं की मात्र उत्तर ठरलेलं. कुठलं ते सांगायला नको!

परीक्षेनंतर कुणी पहिला भाग पुन्हा पाहणार असेल तर एक करून बघा. अण्णांच्या फोटोकडे आणि विहिरीकडे लक्ष देऊ नका, ते आपोआप जातंच. प्रत्येक प्रसंगात पांडू कुठे उभा आहे ते पाहा. कोण त्याला बस म्हणतं, कोण चहा विचारतं आणि तो बोलायला लागला की कोण शेवटपर्यंत ऐकतं, एवढंच मोजा. वहीत मांडायला एक पान पुरे होईल.