गाडीच्या वेळा आणि पोटाच्या वेळा

गोळी ठरल्या वेळी, जेवण ठरल्या वेळी, निजणे ठरल्या वेळी, हा डॉक्टरांचा हुकूम मधुमेह्यास जन्मभर पाळावा लागतो; आणि साऱ्या मुलखाला वेळापत्रक पुरविणाऱ्या रेल्वे खात्यात मालगाडी हाकणाऱ्यास मात्र स्वतःचे असे वेळापत्रक नसते. भुसावळचा लोको पायलट (जुनी मंडळी त्याला अजून ड्रायव्हरच म्हणतात) आज पहाटे कॉल आला म्हणून निघतो, उद्या मध्यरात्री. आणि गाडी एखाद्या आडस्थानकावर लूप लाइनीत, म्हणजे बाजूच्या रुळावर, घातली गेली, की मुक्कामी पोहोचण्याची घटका कंट्रोललाच ठाऊक.

मधुमेहावरील काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, पोटात अन्न पडो वा न पडो, स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावतात. गोळी घेतली, जेवण राहिले, आणि तेवढ्यात सिग्नल मिळाला, तर चालत्या गाडीत जेवणाची सुट्टी नसल्याने रक्तातील साखर दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. मग घाम सुटतो, हात कापतात, दृष्टी अंधुक होते आणि विचार गोंधळतो. चालकाने सुमारे 1 मिनिट कोणतीच हालचाल केली नाही तर आधी दिवा, मग भोंगा आणि शेवटी ब्रेक लावणारे यंत्र इंजिनात असते खरे; पण भांबावलेल्या माणसाचा हातही सवयीने बटण दाबीत राहू शकतो, आणि यंत्राला रक्तातील साखर कळत नाही. कसाऱ्याहून इगतपुरीकडे 37 फुटांस 1 फूट अशा चढणीवर ही अवस्था ओढवली तर काय, हे निराळे सांगावयास नको.

साखर वाढली तर लघवीची शंका वारंवार येते. जुन्या इंजिनांत तिची सोय नाही, म्हणून पाणीच कमी पिणारे चालक आढळतात, आणि तहानलेल्या शरीरात साखर अधिकच दाट होते. रूळ तपासत फिरणाऱ्या की-मनची कथा वेगळी. हातोडा घेऊन तो आपल्या बीटवर रोज काही किलोमीटर खडीतून चालतो. चालणे हे या रोगावरचे उत्तम औषध, परंतु मज्जातंतू बधिर झाले की बुटात शिरलेला खडा टोचत नाही, जखम दिसते ती चिघळल्यावर.

रुळांवर गाडी चालविणारांसाठी ए-1 हा आरोग्याचा सर्वांत कडक वर्ग होय. वयाच्या 45 पर्यंत दर 4 वर्षांनी, 55 पर्यंत दर 2 वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्यांची तपासणी होते. साखरेच्या चढउताराने डोळ्यातील भिंग फुगते आणि चष्म्याचा नंबर काही आठवड्यांत बदलतो. पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या फुटू लागल्या तर प्रकरण गंभीर होते. म्हणून तपासणीआधी आठ दिवस भाताला हात न लावणारे महाभाग असतात. परंतु एचबीए1सी ही चाचणी गेल्या सुमारे तीन महिन्यांचा हिशेब मांडते, तिच्यापुढे आठ दिवसांचा उपास चालत नाही.

या लपवाछपवीस मी केवळ भित्रेपणा म्हणणार नाही. चालकाच्या मिळकतीत धावलेल्या किलोमीटरांवर मिळणाऱ्या भत्त्याचा वाटा मोठा असतो, आणि इंजिनावरून उतरवला गेलेला मनुष्य दप्तरात बसला की तो भत्ता सुटतो, शिवाय चार माणसांत पतही उतरल्यासारखी वाटते. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यास सरकारी आस्थापनेने काढू नये किंवा पदावनत करू नये, त्या कामास योग्य न राहिल्यास त्याच वेतनश्रेणीच्या अन्य पदावर न्यावे, असे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे 20 वे कलम सांगते. मात्र नुसता मधुमेह या कायद्याच्या अपंगत्वाच्या यादीत नाही. दृष्टी गेली किंवा पाय कापावा लागला तरच हे कलम कामास येते, म्हणजे तोवर उशीर झालेलाच असतो.

तथापि शहाणे चालक निराळीच वाट काढतात. डॉक्टरांना आपल्या ड्युटीची खरी वेळ सांगून ते गोळी बदलून घेतात, कारण मेटफॉर्मिनसारखे औषध एकटे घेतले तर साखर सहसा फार खाली नेत नाही. आणि लाल-हिरव्या झेंड्यांशेजारी पिशवीत ग्लुकोजची पुडी ठेवतात. ती कोणत्या कप्प्यात आहे, हे त्यांनी सहायकाला पहिल्याच फेरीत सांगितलेले असते.